दहा मीटर एअर रायफल: आपल्या नळीला मानवणारा पेलेटचा लॉट कसा शोधावा

परदेशात मोठ्या बोअरच्या रायफलीने खेळणारे बरेच नेमबाज काडतूस स्वतः भरतात. दारूचं वजन, गोळीची बैठक, काडतुसाच्या कवचाची लांबी हे सगळं ते आपल्या नळीला जुळवून घेतात. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि इथे बहुतेकांची सुरुवात होते ती ४.५ मिमीच्या एअर रायफलीने. तिच्या पेलेटमध्ये, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळीत, भरण्यासारखं काही नसतं, तो कारखान्यातून येतो तसाच वापरायचा. त्यामुळे काडतूस भरणारा जे काम तराजू आणि प्रेस घेऊन करतो, ते आपल्याला निवडीतून करावं लागतं. महागडा पेलेट म्हणजे चांगला पेलेट, असं समीकरण नाही. एका रायफलीत सुरेख चालणारा लॉट (कारखान्यात एका खेपेत बनलेले पेलेट) त्याच मॉडेलच्या शेजारच्या रायफलीत पसरू शकतो. प्रत्येक नळीच्या आतल्या मापात सूक्ष्म फरक असतो, आणि पेलेटच्या साच्यांतही असतो. दोघांची जोडी जमते की नाही, हे फक्त मारून बघूनच कळतं.

पाव मिलिमीटरचा हिशोब

दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका ०.५ मिमी व्यासाचा असतो. ४.५ मिमीच्या पेलेटची कड त्याला शिवली की १०.० गुण. याचा अर्थ, पेलेटचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत हवं. तिथून दर ०.२५ मिमी आत सरकलं की ०.१ गुण वाढतो, आणि केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत बसलेला शॉट १०.९ चा.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि दिव्यांश सिंह पन्वर यांनी सांघिक सुवर्ण जिंकलं ते १८९३.७ गुणांच्या विश्वविक्रमासह. माणशी साठ शॉटमध्ये सरासरी ६३१.२, म्हणजे शॉटमागे १०.५२. या पातळीवर नेहमीचा शॉट केंद्रापासून एक ते सव्वा मिलिमीटरवर पडतो. चुकीला एवढीच जागा असताना रायफल आणि पेलेट मिळूनच पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे करत असतील, तर नेमबाजाच्या वाट्याला काय उरतं ते बघा.

शिकंज्यात घट्ट बसवलेल्या मॅच रायफलीतून चांगल्या लॉटचे दहा पेलेट मारले, तर भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर ५ ते ५.५ मिमी भरतं. त्यात ४.५ मिमी तर पेलेटचीच जाडी. न जमणारा लॉट ६.५ ते ७ मिमी आणि त्याहूनही पसरतो. हा फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, गुणपत्रिकेवर तो दिसतो.

आधी ठरवा, चाचणीची वेळ आली आहे का

उभ्याने तुमची सरासरी शॉटमागे ९.५ असेल, तर तुमचे शॉट केंद्रापासून सरासरी पावणेचार मिलिमीटरवर जात आहेत. अशा वेळी पेलेटचा स्वतःचा सरासरी पसारा ०.६ मिमीवरून ०.३ मिमीवर आणला, तरी साठ शॉटमध्ये एक गुणही वाढत नाही, कारण दोन स्वतंत्र चुका वर्गांच्या बेरजेने मिसळतात आणि मोठी चूक लहान चुकीला गिळून टाकते. हाच बदल १०.४ च्या सरासरीवर केला की साठ शॉटमध्ये दोन गुणांहून थोडे जास्त मिळतात. अंतिम फेरीत कोण जाणार हे जिथे एक-दोन दशांशांवर ठरतं, तिथे दोन गुण फार मोठे.

म्हणून साठ शॉटमध्ये ६०० च्या खाली असलेल्यांनी लॉट शोधण्यात पैसे आणि आठवडे घालवू नयेत. नावाजलेल्या कंपनीचा एक मॅच पेलेट घ्यावा आणि पोझिशन, श्वास, ट्रिगर यांवर मेहनत करावी. साधारण ६१० च्या पुढे सातत्याने खेळायला लागलात की ही चाचणी करा. पालकांनाही हेच सांगणं आहे: मुलाने वर्षभर क्लबच्या डब्यातले पेलेट मारले तर काही बिघडत नाही.

काय विकत आणायचं

पेलेट सपाट डोक्याचेच हवेत, म्हणजे वॅडकटर. ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात. रायफलीसाठीचे मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचे म्हणजे ८.२ ग्रेनचे असतात. पिस्तुलासाठीचे त्याहून हलके मिळतात. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच, क्यूवायएस ही आपल्याकडच्या रेंजवर नेहमी दिसणारी नावं. काही कंपन्या डोक्याच्या व्यासानुसार ४.४९, ४.५०, ४.५१ असे वेगळे डबे देतात.

चाचणीसाठी चार डबे पुरेत, आणि डबा निवडताना लेबलावरचा लॉट क्रमांक बघायचा. एकाच नावाचे, एकाच व्यासाचे पण वेगळ्या लॉटचे दोन डबे तुमच्या रायफलीसाठी दोन वेगळे पेलेट आहेत असंच धरा. दुकानदाराकडे त्या लॉटचे आणखी किती डबे शिल्लक आहेत, हे आधीच विचारून ठेवा. ज्याचा साठा मिळणार नाही तो लॉट पहिला आला तरी उपयोग नाही.

याशिवाय लागतील: अंक दाखवणारा कॅलिपर, नळी साफ करायच्या फेल्टच्या गुटख्या (दाबलेल्या लोकरीचे छोटे गोळे), दोन वाळूच्या पिशव्या, जाड कागदाची मॅच टार्गेटं, भिंग आणि वही. क्लबमध्ये वेगमापक म्हणजे क्रोनोग्राफ असेल तर तो मागून घ्या. शक्य असेल तर रायफलीच्या ११ मिमीच्या खाचेवर बसणारी दुर्बीण उसनी आणा, मात्र ती १० मीटरवर पॅरलॅक्स जुळवता येणारी असायला हवी. लांब पल्ल्याची साधी दुर्बीण लावली तर डोकं किंचित हललं तरी शिस्त सरकते आणि तो दोष पेलेटच्या माथी जातो.

रायफल तयार करणं

ढिल्या रायफलीवर केलेली चाचणी फुकट जाते. ॲक्शन (नळी आणि ट्रिगर बसवलेला भाग) दस्त्याला धरून ठेवणारे स्क्रू रायफलीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा. हाताच्या अंदाजाने आवळू नका. पुढची आणि मागची साइट, गालाची पट्टी, बट प्लेट हलत नाहीत ना, हे एकेक करून बघा.

सिलिंडरमध्ये कोरडी, श्वसनासाठी वापरता येईल अशी हवाच भरायची. ऑक्सिजन कधीही नाही, आणि सांध्यांना तेल-ग्रीस मनाने लावायचं नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. हवा सावकाश भरा आणि सिलिंडरवर छापलेली वैधता तपासा. ती संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरीही वापरू नये. २०० बारचा सिलिंडर असेल तर चाचणीचे सगळे शॉट १८० ते १२० बारच्या दरम्यान मारा, म्हणजे रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) सगळ्या लॉटना सारखंच वागवेल.

नळी साफ करायला फेल्टच्या कोरड्या गुटख्या वापरा आणि त्या मागून पुढे, म्हणजे ब्रीचकडून तोंडाकडे न्या. दोरीने ओढायची पद्धत सर्वांत सुरक्षित. पितळी ब्रश आणि बंदुकीचं सॉल्व्हंट इथे नको: सॉल्व्हंट ब्रीचच्या रबरी सीलला खातं, आणि एअर रायफलीत दारूची राख नसल्यामुळे त्याची गरजही नाही. गुटखी पांढरी बाहेर येईपर्यंत पुन्हा पुन्हा ओढा. साफ केलेल्या नळीचे पहिले दहा-वीस शॉट भटकतात, कारण शिशाचा पातळ थर पुन्हा बसायचा असतो. ते शॉट मोजू नका.

एसी हॉलमध्ये चाचणी असेल तर रायफल खोक्यातून काढून अर्धा तास तशीच ठेवा.

मारण्याचा क्रम

शिकंजा मिळाला तर उत्तमच. नाहीतर टेबलावर बसून पुढची पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली आणि मागची बटखाली घ्या. नळीला काहीही टेकता कामा नये. पिशव्यांवरून मारताना तुमची स्वतःची थोडी चूक त्यात येणारच, तेव्हा फार बारीक फरकावर निर्णय घेऊ नका. स्प्रिंगच्या एअर रायफलीची गोष्ट वेगळी. तिला धक्का दोन्ही बाजूंनी बसतो आणि ती पकडीला फार संवेदनशील असते. तिला शिकंज्यात आवळायचं नाही. पुढचा हात मऊ आणि एकाच जागी ठेवून त्यावर ती मोकळी टेकवायची.

चार लॉटना अ, ब, क, ड अशी नावं द्या. प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे चार ग्रुप (एका कागदावरच्या भोकांचे पुंजके) घ्यायचे आहेत, पण एका लॉटचे चारही सलग मारू नका. क्रम असा ठेवा: अ ब क ड, मग ड क ब अ, आणि हीच जोडी पुन्हा एकदा. सुरुवातीचा ताजेपणा, शेवटचा थकवा, उतरत जाणारा हवेचा दाब हे सगळं त्यामुळे चारही लॉटवर सारखं वाटलं जातं. लॉट बदलला की आधी दहा शॉट वेगळ्या कागदावर मारून टाका. नळीत मागच्या लॉटचं शिसं असतं आणि नव्या लॉटला रुळायला तेवढे शॉट लागतात. एकूण साधारण तीनशे शॉट होतात. एका दिवसात उरकण्याचा हट्ट न करता दोन दिवसांत विभागा.

प्रत्येक ग्रुपला नवा कागद, कागदामागे पुठ्ठा, आणि कोपऱ्यात लॉट, वेळ आणि सिलिंडरचा दाब. मारताना दुसऱ्याने डबे हाताळले आणि तुम्हाला लॉटचं नाव कळू दिलं नाही तर फारच छान. आवडत्या कंपनीचा डबा हातात असला की माणूस नकळत जास्त जपून ट्रिगर ओढतो.

पाच शॉटचे ग्रुप मारू नका, हे आग्रहाने सांगतो. त्याच रायफलीतून तेच पेलेट मारले तरी पाच शॉटचा ग्रुप कधी चतुर्थांशाने लहान येतो, कधी तेवढाच मोठा, आणि तो निव्वळ योगायोग असतो. पाच शॉटच्या एका देखण्या ग्रुपवर विसंबून वीस डबे विकत घेणं ही या विषयातली सर्वांत महाग चूक. पाचचा ग्रुप दहाच्या ग्रुपशी ताडूनही बघू नका: शॉट वाढले की विस्तार वाढतोच, दहाचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरी चतुर्थांशाने मोठा भरतो.

मोजणं आणि ठरवणं

कॅलिपरने एकमेकांपासून सर्वांत लांब असलेल्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या. कागद थोडा मिटतो, त्यामुळे भोक पेलेटपेक्षा किंचित लहान दिसतं. केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर हवं असेल तर ४.५ वजा न करता त्याच कागदावर मारलेल्या एकट्या भोकाची रुंदी वजा करा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर फक्त गुण पाहून चालत नाही. गुण लक्ष्याच्या मध्यापासून मोजलेले असतात, आणि लॉट बदलला की ग्रुप अख्खाच एक-दोन मिलिमीटर सरकू शकतो. शॉटचे निर्देशांक घेऊन ग्रुपचा स्वतःचा मध्य काढा आणि तिथून अंतरं मोजा.

समजा अ लॉटचे चार ग्रुप ६.१, ५.८, ६.६ आणि ६.० मिमी आले, ब लॉटचे ५.५, ७.४, ५.७ आणि ६.९. सर्वांत सुंदर कागद ब चा आहे आणि भिंतीवर लावावासा वाटेल. पण ब ची सरासरी ६.४ च्या आसपास, अ ची ६.१, आणि ब चे दोन ग्रुप सातच्या आसपास गेले आहेत. निवड अ कडे झुकते. तरीही फरक फक्त पाव मिलिमीटरचा आहे, म्हणून या दोघांचेच आणखी चार-चार ग्रुप दुसऱ्या दिवशी मारा आणि मग पैसे टाका. याउलट ज्या लॉटचे चारही ग्रुप सातच्या वर गेले, त्याला दुसरी संधी द्यायची गरज नाही.

पेलेट एकेक तोलून वेगळे करावेत का, हा प्रश्न हमखास येतो. मॅच पेलेटच्या बाबतीत आमचं उत्तर नाही असंच आहे. दहा मीटरवर योग्य लॉट निवडल्याने जे मिळतं त्याच्या मानाने तोलण्यातून फार कमी मिळतं, आणि हाताळणीत स्कर्ट, म्हणजे पेलेटचा मागचा पातळ घेर, वाकण्याचा धोका वाढतो. डोक्याचा व्यास कॅलिपरने मोजण्याच्या भानगडीतही पडू नका. शिसं इतकं मऊ असतं की कॅलिपरच्या दाबानेच माप बदलतं. भिंगाखाली स्कर्ट बघणं मात्र सोडू नका: वाकलेला, चिरलेला किंवा शिशाचा कीस चिकटलेला पेलेट बाजूला काढा आणि सायटिंगलाही (मोजणीआधी साइट जुळवायच्या शॉटना) वापरू नका.

ग्रुप बिघडला तर कागद काय सांगतो

भोकं वर-खाली रांगेत येत असतील तर वेगावर संशय घ्या. मॅच रायफलीतून पेलेट साधारण सेकंदाला १७० मीटर वेगाने निघतो आणि दहा मीटर जाईपर्यंत जवळजवळ १७ मिमी खाली येतो. वेग सेकंदाला १ मीटरने बदलला की शॉट सुमारे ०.२ मिमी वर किंवा खाली जातो, म्हणजे जवळपास एक दशांश. क्रोनोग्राफवर दहा शॉटमध्ये ३-४ मीटरचा फरक ठीक. ८-१० मीटर दिसला तर रेग्युलेटर किंवा ब्रीचचं सील तपासून घ्या, ते काम अधिकृत दुरुस्ती केंद्राकडूनच. फक्त मोठ्या विश्रांतीनंतरचा पहिला शॉट वेगळा जात असेल तर रेग्युलेटरमधला दाब हळूहळू चढतो आहे. तो दुरुस्त होईपर्यंत विश्रांतीनंतर एक शॉट सोडून मगच पुढे जा.

भोकांचे दोन वेगळे पुंजके दिसले तर पेलेटला दोष देण्याआधी काहीतरी ढिलं आहे का बघा: साइट, ॲक्शनचा स्क्रू, दुर्बिणीचा माउंट. आडवी रांग आली तर बहुतेक वेळा ट्रिगरवरचं बोट किंवा रायफलीचा कल कारणीभूत असतो.

नऊ शॉट एकत्र आणि एकच दूर, हा प्रकार सर्वांत जास्त सतावतो. तो बऱ्याचदा भरण्यातला दोष असतो. पेलेट खोबणीत तिरका पडला आणि त्यावर लिव्हर बंद केला, की स्कर्टची कड कापली जाते. पेलेट डोकं पुढे करून सरळ ठेवा, डोळ्यांनी खात्री करा, मग लिव्हर. लिव्हरला नेहमीपेक्षा जास्त जोर लागला तर तो शॉट लक्ष्यावर मारू नका.

ग्रुप दिवसागणिक थोडा थोडा पसरत चालला असेल तर नळी साफ करण्याची वेळ झाली. दर डब्याला, म्हणजे पाचशे शॉटला एकदा फेल्ट ओढणं बहुतेकांना पुरतं.

कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. दमट हवेत शिशावर पांढरट भुकटी चढते. असे पेलेट टाकून द्या, पुसून वापरू नका. डबे घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. एसी हॉलमधून बाहेरच्या उकाड्यात आणलेला डबा लगेच उघडला तर पेलेटवर दव धरतं, म्हणून डब्याला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. कागदाची टार्गेटंही पावसाळ्यात ओल धरतात आणि भोकाच्या कडा फाटतात. चाचणी शक्य तर हिवाळ्यात करा.

साठा आणि स्पर्धेचा दिवस

लॉट ठरला की वेळ घालवू नका. रोज ८० शॉट, आठवड्याचे सहा दिवस धरले तर डबा आठवडाभर पुरतो. सरावासाठी त्याच कंपनीचा दुसरा, स्वस्तातला लॉट वापरला तरी चालतो, पण चाचणीत उतरलेल्या लॉटचे निदान दहा डबे स्पर्धांसाठी आणि त्याआधीच्या आठवड्यांसाठी राखून ठेवा. डबा उंचावरून पडला तर आतले पेलेट सरावाला लावा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी शंभर पेलेट भिंगाखाली बघून फोमच्या खाचांच्या ट्रेमध्ये भरा. साठ मोजणीचे, उरलेले सायटिंगसाठी आणि राखीव. सायटिंगही त्याच लॉटने करायची, कारण दुसऱ्या लॉटने जुळवलेली साइट पहिल्याच मोजणीच्या शॉटला दगा देते. पेलेट खिशात सुटे ठेवू नका आणि तोंडात तर कधीच धरू नका, लहान मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. शिसं शरीरात साठतं. रेंजवरून निघताना साबणाने हात धुवा, मगच जेवणाचा डबा उघडा.

रायफलीची नळी किंवा ब्रीचचं सील बदललं, तर जुन्या चाचणीचा निकाल धरून चालू नका. राखीव डब्यांतला एक काढा, वाळूच्या पिशव्या पुन्हा मांडा आणि चार ग्रुप मारून जुन्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा.